आधी हात, मग बांगडी

बाजार अजून नदीच्या उतारापाशी भरायचा, त्या काळची ही फार पूर्वीची गोष्ट. तिथल्या एका गावात एक कासार राहत होता. बाईचा हात नुसता दाबून पाहिला, की कोणत्या मापाची बांगडी चढेल हे तो अचूक सांगे. पंचक्रोशीतल्या नवऱ्या मुली त्याच्याच ओसरीवर चुडा भरायला येत. बांगडी भरताना फुटली, तर तिचे पैसे तो घेत नसे. "चढवताना फुटली, ती कासाराची," असं त्याची आई सांगून गेली होती. काय दिवस होते ते!

पुढे नवा रस्ता झाला आणि बाजार पलीकडच्या पेठेत गेला. कासाराच्या ओसरीकडे कुणी फिरकेना. तेवढ्यात पेठेत दुकानासकट एक घर विकायला निघालं. जुनं घर विकेपर्यंत थांबायला सवड नव्हती, कारण पेठेतल्या घरावर दुसरं गिऱ्हाईक टपलेलं होतं. घरातलं किडूकमिडूक आणि कासारणीच्या पाटल्या मोडून निम्मी रक्कम उभी राहिली. उरलेल्या पाचशेसाठी तो सावकाराकडे गेला.

"चार महिन्यांपुरते द्या. जुनं घर विकलं की व्याजासकट आणून देतो."

सावकार सरळ माणूस होता. "देतो," तो म्हणाला. "पण मुदत टळली, तर नवं घर माझं. नीट विचार करून अंगठा उठव."

"अहो, आधी जुन्याला गिऱ्हाईक तरी बघा," कासारीण म्हणाली.

"रांग लागेल रांग!" म्हणत कासाराने अंगठा उठवलाही. हजारो हात दाबून पाहिलेल्या माणसाने या वेळी मात्र माप न घेताच बांगडी निवडली.

पहिल्याच महिन्यात एक विणकर आला. घर पाहून म्हणाला, "सहाशे देतो, रोख."

कर्ज आणि व्याज फिटून चार पैसे उरले असते. पण कासार त्याला ओसरी दाखवायला गेला आणि तिथेच घुटमळला. इथे आई बसायची. या खांबाला धरून लेक चालायला शिकली. हा दगड बायकांच्या बसण्याने गुळगुळीत झालाय. सांगता सांगता घराची किंमतही वाढली.

"नऊशेच्या खाली नाही जमायचं."

विणकर हसला. "कासारदादा, मला माग मांडायला जागा हवी. तुमच्या आठवणी घेऊन मी कुठं ठेवू?"

दुसऱ्या महिन्यात एक तेली आला. त्याला खांब काढून घाणा बसवायचा होता. कासाराने त्याला दारातूनच वाटेला लावलं. तिसऱ्या महिन्यात कुणीच आलं नाही. चौथ्या महिन्यात कासार धापा टाकत विणकराकडे गेला. "सहाशेच द्या!" पण विणकराने दुसरं घर घेऊन तिथे माग मांडलाही होता.

मुदत संपली आणि नवं घर गेलं. शेजारी चवताळले, "सावकारानं लुबाडलं तुला!"

कासाराने मान हलवली. "त्याचा काही दोष नाही. चढवताना फुटली, ती कासाराची."

कासारणीने फक्त आपल्या मोकळ्या मनगटांवरून हात फिरवला.

जुनी ओसरी त्याचीच राहिली, खांबासकट. बसायला मात्र कुणी येत नव्हतं. मग तो रोज बांगड्यांचं गाठोडं खांद्यावर टाकून पेठेत फेरी मारू लागला. एक दिवस त्याच नव्या घरातून सावकाराच्या सुनेने हाक मारली, "कासारदादा, बांगड्या भरायच्यात!"

कासार उंबऱ्याबाहेर बसला. सुनेने एक हिरवीगार जोडी उचलली. "याच द्या. फार आवडल्यात."

"थांब पोरी," कासार हळूच म्हणाला. "आधी हात बघू दे."

तात्पर्य: जुनं घर विकून फेडू म्हणून नव्यासाठी थोड्या मुदतीचं कर्ज काढायचं, तर आधी गिऱ्हाईक पक्कं करावं, आपल्या आठवणींचं मोल दुसरा कुणी देत नाही, आणि मुदत कुणासाठी थांबत नाही.