गालाला गरम लागलेला रांजण

नदीच्या वळणावर जे जंगल आहे, तिथे एक साळिंदर राहत असे. राहत असे म्हणजे दिवसभर चिखलात लोळत असे. आपण लोळलो की धपाटा मिळतो, त्याला मात्र सगळे कलाकार म्हणत. ते चाकावर असे रांजण घडवी की तहानलेला प्राणी पाणी प्यायचं विसरून नक्षीच बघत राही. नक्षीसाठी पाठीवरचा एक काटा उपटला की झालं. बघणाऱ्यांनी वाहवा करायला उशीर लावला, तर ते हळूच खोकून आठवण करून देई. असे खोकणारे तुमच्या-माझ्या घरीही असतात, नावं घेत नाही.

जंगलात भट्टी एकच आणि ती वर्षातून एकदाच पेटे. तिची राखण एका म्हाताऱ्या कासविणीकडे होती. भट्टीत ठेवण्याआधी ती प्रत्येक भांडं आपल्या गालाला लावून बघे. गार लागलं म्हणजे आत ओल आहे, परत न्या, पुढच्या वर्षी या. कारण ओलं भांडं तापलं की आतल्या पाण्याची वाफ होते, भांडं फुटतं आणि शेजारच्यांनाही फोडतं.

त्या वर्षी नदीपलीकडचा बगळा प्रदर्शनासाठी भांडी निवडायला येणार होता. साळिंदराने एवढा मोठा रांजण घडवला की ते स्वतः आत बसलं असतं. माती मऊ असली तरच काटा नीट फिरतो, म्हणून ते रांजणाला रोज ओली पानं गुंडाळून ठेवी. आणखी एक वेल, वेलीला आणखी एक पान, असं करता करता भट्टीचा दिवस उजाडला आणि रांजणाचं जाड बूड आतून ओलंच राहिलं.

मग साळिंदराने काय केलं, सांगू? त्याने रांजण सकाळभर तापलेल्या खडकावर उन्हात ठेवला. कासविणीने गाल लावला. "चांगला पोळतोय की," ती म्हणाली आणि रांजण आत गेला. साळिंदराला हसू आवरेना. गुरुजींना वहीचं पहिलंच पान सुबक करून दाखवणाऱ्यांनी त्याला उगाच नावं ठेवू नयेत.

रांजणाच्या शेजारी टिटवीचा वाडगा होता. टिटवी माळावर उघड्यावरच अंडी घाली आणि दरवर्षी कोणाचा तरी पाय त्यांच्यावर पडे. या वर्षी अंडी उंच काठाच्या वाडग्यात ठेवायची, म्हणून बिचारी वर्षभर चाक फिरवायला शिकली. नऊ वाडगे वाकडे झाले. दहावा जरा कमी वाकडा झाला, तोच तिने खडखडीत वाळवून आणला होता.

भट्टी पेटली आणि दुपारी आतून फट् असा आवाज आला. निवल्यावर दार उघडलं, तर रांजणाचा चुरा झालेला आणि वाडग्याचे दोन तुकडे. कोणी काही विचारायच्या आतच साळिंदर म्हणालं, "नवशिक्यांची भांडी आमच्याजवळ ठेवली की असंच व्हायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढ्या मोठ्या कलाकाराचा रांजण स्वतःहून कसा फुटेल? बगळा एक बशी उचलून निघून गेला.

टिटवीला तर ते लगेच पटलं. ती मान खाली घालून साळिंदराकडे आली. "दादा, माझ्यामुळे तुमची एवढी नक्षी गेली. आता तुमची माती मी नदीवरून आणून देईन."

साळिंदर "बरं" म्हणालं.

टिटवी रोज चोचीतून चिमूट चिमूट माती आणू लागली. साळिंदर चाकावर बसे, पण नजर तिच्या काडीएवढ्या पायांकडे जाई आणि घडत आलेला रांजण कलंडून पडे. वाहवा करायला कोणी आलं, तर ते पाचोळ्यात तोंड खुपसून झोपेचं सोंग करी. तोंड लपे, काटे तेवढे वर दिसत.

आठव्या दिवशी टिटवीने फुटक्या वाडग्याचा अर्धा भाग आणला. वाडग्याला चकाकीसाठी लावलेली झिलई भट्टीत वितळून काचेसारखी झाली होती आणि त्या काचेत एक जाड खापरी रुतून बसली होती. खापरीवर नाजूक वेल होती.

"तुमचं एवढं तरी वाचलंय, दादा. ठेवा जवळ," टिटवी म्हणाली. "उद्यापासून मला यायला जमणार नाही. अंडी घालायचे दिवस आले."

"कुठे घालणार?"

"माळावरच. दुसरीकडे कुठे?"

ती गेली. साळिंदर खापरीकडे बघत राहिलं. ती रांजणाच्या बुडाची होती. रांजण उडाला आणि त्याच्याच तुकड्याने वाडगा फोडला, हे भट्टी जाणणाऱ्या कोणालाही नुसतं बघून कळलं असतं. नदी चार पावलांवर होती. तुकडा पाण्यात टाकावा, असं त्याच्या मनात आलंही. मग त्याने तो तोंडात धरला आणि सगळे राख काढत होते तिथे, भट्टीपाशी, नेऊन ठेवला.

"रांजण माझाच उडाला," ते म्हणालं. "बूड ओलं होतं. आजींना कळू नये म्हणून मी तो खडकावर तापवला होता."

कोणी रागावलं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं. पण कासविणीने फक्त आपल्या गालावरून पाय फिरवला. "पन्नास वर्षं या गालावर सगळे विसंबून होते रे," ती म्हणाली आणि तिने तोंड कवचात ओढून घेतलं. साळिंदराला तसं कवचही नव्हतं.

नवा वाडगा आता पुढच्या वर्षीच भाजून मिळणार होता. अंडी थोडीच तोवर थांबणार? साळिंदर माळावर गेलं, टिटवीची क्षमा मागून मग तिच्या चार अंड्यांभोवती गोल वळून, काटे उभारून बसलं. रानगवे आले, काटे बघून वळसा घालून गेले. टिटवीने विचारलं, "दादा, तुमचं काम?" ते म्हणालं, "सध्या हेच." पिल्लं बाहेर येऊन दुडुदुडु पळेपर्यंत ते तिथून हललं नाही. चाक महिनाभर कोरडं पडलं होतं.

पुढच्या वर्षी त्याने भट्टीवर फक्त एक वाडगा आणला. त्यावर नक्षी नव्हती. कासविणीने गाल लावला आणि 'चालेल' अशी मान हलवली. साळिंदराने उन्हातून आणलेला वाडगा सावलीत निवत ठेवला, बराच वेळ वाट पाहिली आणि मग ते हळूच म्हणालं, "आजी, आता पुन्हा लावून बघा."

तात्पर्य : आपली ओल लपवून दुसऱ्याला दोष दिला, तरी त्याच्या फुटक्या वाडग्यात नक्षी आपलीच सापडते, म्हणून ओलं असेल ते ओलं आहे, असं भट्टी पेटण्याआधीच सांगून टाकावं.