दुसऱ्या ढोलाचं उत्तर

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. इतकी जुनी की तेव्हाचा राजा कोण होता हे आज कुणालाच सांगता येणार नाही, आणि त्यावाचून आपलं काही अडतही नाही. लहानांनी पुढे सरकून बसावं, मोठ्यांनी मागून ऐकावं.

जंगलाच्या कडेला सिद्दींची एक वाडी होती. त्यांच्या पूर्वजांना कधीकाळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांत घालून इकडे आणलं होतं. येताना त्यांच्यापाशी ना भांडं होतं, ना धड कापड. ढोलाची विद्या तेवढी होती, कारण ती हातात आणि डोक्यात होती. तिथून ती कुणाला काढून घेता आली नाही.

त्यांचं वाजवणं जोडीचं असे. पहिला ढोल प्रश्न विचारी आणि थांबे. त्या थांबलेल्या जागेत दुसरा ढोल उत्तर देई. अशा अकरा चाली होत्या. पेरणीची एक, बारशाची एक, मयताची एक, अशा. त्या अकराही जाणणारा वाडीत एकच म्हातारा उरला होता. चाळीस वर्षं त्याच्यासमोर बसून उत्तर देणारा मित्र वारला होता. म्हाताऱ्याने कुणाला शिकवलं नाही, तर सगळ्या चाली त्याच्याबरोबरच जाणार होत्या, आणि हे तो पुरतं जाणून होता.

मित्र गेल्यापासून म्हातारा रोज संध्याकाळी अंगणात जाळ करून, कातडं ताणून यावं म्हणून, दोन ढोल शेकायचा. एक आपला आणि एक मित्राचा. मग प्रश्न वाजवायचा आणि थांबायचा. मित्राचं उत्तर जेवढं लांब असे, अगदी तेवढाच वेळ. समोरच्या ढोलावर कुणाचा हात पडत नसे. तो पुढचा प्रश्न वाजवी. फार एकटा होता बिचारा.

पोरं शिकायला येत नव्हती असं मात्र समजू नका. पहिल्या वर्षी चांगली नऊ आली. पण समोर बसून कुणी उत्तर वाजवलं की म्हाताऱ्याचं तोंड वाकडं होई. हा घाई करतो, तो रेंगाळतो, हिचा डावा हात जड आहे. त्याचं असं नव्हतं, एवढंच तो पुटपुटे. पोरांनी त्या ‘त्याला’ कधी ऐकलंही नव्हतं. एकेक करून ती गळत गेली. कुणी मध काढायला जाऊ लागलं, कुणी राजाच्या नगारखान्यात चाकरीला लागलं. तिथे निदान शाबासकी तरी मिळे.

शेवटी एकच मुलगी उरली. तिचा हात असा होता की शेजारीपाजारी काम टाकून ऐकत. एके संध्याकाळी म्हाताऱ्याने मयताची चाल विचारली आणि तिने उत्तराच्या शेवटी दोन थापा जास्त दिल्या. म्हाताऱ्याने तिच्या पुढ्यातला ढोल ओढून घेतला.

“आजोबा, वाईट वाजलं का?”

“तो असं वाजवत नसे.”

“मग मी काय त्यांच्यासारखीच वाजवत बसू?”

म्हातारा तो ढोल पुसत बसला. मुलगी उठून गेली. पुढच्या वर्षी तिचं लग्न नदीपलीकडच्या वाडीत झालं.

त्यानंतर सहा वर्षं त्या अंगणात कुणी आलं नाही. म्हातारा मानी, तोही कुणाला बोलवायला गेला नाही. प्रश्न वाजवायचा आणि थांबायचा, एवढंच चाललं होतं. हळूहळू प्रश्नच आठवेनासे झाले. आधी सुगीची चाल गेली, मग बारशाची.

एक दिवस मित्राची बायको कुंपणापाशी आली. इतकी वर्षं तिने तो एकट्याचा ढोल शेजारच्या घरातून मुकाट्याने ऐकला होता. म्हातारा तिच्यापाशी गाऱ्हाणं सांगू लागला. हल्लीच्या एकाही पोराला तुमच्या माणसासारखं उत्तर वाजवता आलं नाही, म्हणाला.

तिने शांतपणे विचारलं, “भावजी, त्यांनी एकच उत्तर दोनदा कधी वाजवलं होतं?”

म्हातारा आठवू लागला. पावसाळ्यातलं उत्तर आठवलं, कुणाच्या तरी लग्नातलं आठवलं. दर वेळचं वेगळं होतं. वेगळं होतं म्हणून तर चाळीस वर्षं त्याला समोर बसण्याचा कंटाळा आला नव्हता. त्यातलं एक आपणच पक्कं करून ठेवलं आणि त्या मापात न बसणारं प्रत्येक पोर घालवलं, हे त्याला कळलं. तो कुंपण धरून रडला.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत तो नदीपलीकडे मुलीच्या दारी गेला. “पोरी, तुझं उत्तर ऐकायला आलोय,” म्हणाला. मुलीला राग होता आणि तिने तो बोलूनही दाखवला. पण ती आली. सासरच्या वाडीतली चार पोरंही बरोबर घेऊन आली.

म्हातारा वाजवू लागला. मुलीने आपल्या मनाचं उत्तर दिलं आणि तो मान डोलावत राहिला. एक चाल झाली, दुसरी झाली, तिसरी, चौथी. पाचवीला त्याने हात उचलला आणि तो तसाच राहिला. पोरं वाट बघत बसली.

“बाकीच्या?” मुलीने हळूच विचारलं.

“तू शिकायला यायचीस तेव्हा होत्या,” म्हातारा म्हणाला.

म्हाताऱ्याच्या वाडीत आजही चारच चाली वाजतात. उत्तरं दर वर्षी नवी असतात. उरलेल्या सात शिकवायच्या आधीच म्हाताऱ्याने मुलीचा ढोल ओढून घेतला होता, म्हणून त्या कशा होत्या, हे आता कुणालाच ठाऊक नाही.

बोध असा: गेलेल्या माणसाची जागा हुबेहूब भरायच्या हट्टापायी जो समोर आलेल्यांना परत पाठवतो, त्याची विद्या त्याच्या डोळ्यांदेखत आटून जाते.