घनसाळला पाणी किती

"आता तरी माझा व्यवहार चोख झाला ना, महाराज?"

विरूपाक्षशेट दीक्षा मागायला आला, त्याचं हे तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी मठाच्या सोयरूबाबांनी नाही म्हटलं, तेव्हा त्यानं शेतकऱ्यांकडून मापावर शीग लावून जादा भात मोजून घेणं सोडलं. दुसऱ्या वर्षी नाही म्हटलं, तेव्हा बाजाराहून चढा भाव दिला. आजऱ्याच्या पेठेत असा दुसरा व्यापारी दाखवा, हे तो स्वतःच चारचौघांत सांगे. दुसरं कोण सांगणार!

बाबांनी दाराकडे पाहिलं.

मठाच्या पायरीवर ताराक्का बसली होती. तिनं पिकवलेला वासाचा घनसाळ तांदूळ शेटनं आज मठाला भेट आणला होता. बाबांनी त्यातले दोन ओंजळी तांदूळ तिच्या पदरात घातले आणि शिजवायला सांगितले.

ही ताराक्का म्हणजे बांधावर उभी राहून नुसत्या वासावरून कुठलं खाचर फुलोऱ्यावर आलंय ते सांगणारी बाई. खाचरात किती बोटं पाणी ठेवायचं, हे विचारायला तिच्याकडे चार गावचे लोक येत.

तिनं तांदूळ धुतले, पातेल्यात घातले, पाण्याचा तांब्या उचलला... आणि थांबली.

मग ओशाळून शेटकडे वळली.

"शेट, ह्येला पाणी किती घालत्यात?"

शेटला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय.

"तुला ठाऊक नाही, अक्का?"

"आमच्या चुलीवर जाडा भात. ह्यो खळ्यावरनं तुमच्याकडंच जातोय न्हवं."

"दुप्पट," शेट कसाबसा म्हणाला.

भात झाला. झाकण निघालं आणि वास मठभर झाला. ताराक्कानं एक घास तोंडात घातला, डोळे मिटले.

"शेतात येतोय, त्योच वास की..."

तिला हसू आवरेना. चाळीस वर्षं शेट हा तांदूळ हाताळत होता, पारखत होता, आणि तो पिकवणारीच्या तोंडात त्याचा पहिला घास आज पडला होता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्या बाईपुढे आपण फार लहान आहोत असंही वाटलं. तो खाली वाकला आणि त्यानं ताराक्काचे पाय धरले. ती बिचारी गोंधळून मागे सरकली.

मग त्यानं बाबांकडे पाहिलं.

"महाराज... मी पुन्हा कधी येऊ?"

"घनसाळला पाणी किती, हे अक्का ज्या साली तुला विचारणार नाही, त्या साली ये."