रणरागिणीचं खरं नाव

डोंगराला टेकून वसलेल्या एका गावात मालन डुंबरे नावाची बाई राहत होती. ती घरी ब्लाउज शिवायची, आणि पंचायतीकडून काम मिळालं की शाळेचे गणवेशही. तिचा नवरा भानुदास बस डेपोत मेकॅनिक होता. दिवसभर दोघंही राबायची. संध्याकाळी चहा झाला, की दोघं आपापला मोबाइल घेऊन बसायची. मग त्या घरात मालन नसायची आणि भानुदासही नसायचा.

भानुदास एक ऑनलाइन खेळ खेळायचा. त्या खेळात प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याला नाव द्यायचं आणि ते पात्र होऊन लढत पुढे जायचं. भानुदास तिथे अग्निसिंह होता. डेपोत साहेबापुढे मान वर न करणारा हा माणूस तिथे राक्षसांची मुंडकी उडवायचा.

मालन ब्लॉग लिहायची. ब्लॉगवर तिचं नाव होतं रणरागिणी. भाजीवालीशी घासाघीस करायला लाजणारी मालन तिथे गावाच्या कारभाराची सालटी काढायची. रणरागिणी कोण, हे भानुदासखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं.

भानुदास तिला चिडवायचा. "आपण दोघं एकच खेळ खेळतो बघ. माझं नाव खोटं, तुझंही खोटं. माझी लेव्हल वाढते, तुझे वाचक वाढतात. माझ्या टोळीतले लोक मी कधी पाहिले नाहीत, तुझ्या टोळीतले तूही नाहीस."

मालन फणकारायची. "तुमचे राक्षस खोटे आहेत. माझे खरे आहेत."

"राक्षस खरे असतील," भानुदास म्हणायचा, "पण लढणारी?"

मालन आपला मोबाइल उचलायची. ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची.

त्या उन्हाळ्यात खालच्या आळीत मुलांना कावीळ झाली. आधी दोघांना, मग सात जणांना. मालनला पाण्याचा संशय आला. गावाच्या पाण्याच्या टाकीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'टाकी दरमहा धुतली जाते.' पण टाकी धुताना गावात कोणी कोणाला पाहिलं नव्हतं.

टाकीची किल्ली पाणी सोडणाऱ्या काशिबाकडे असायची. एका दुपारी काशिबा फाटक तसंच उघडं टाकून जेवायला गेला. मालनने पदर खोचला आणि लोखंडी जिना चढायला घेतला. खाली पाहायचं नाही असं ठरवून ती वर पोहोचली. टाकीचं झाकण गंजून अर्धं तुटलं होतं. आत हिरवट पाण्यावर दोन मेलेली कबुतरं तरंगत होती. तिने फोटो काढला आणि खाली उतरली.

त्याच संध्याकाळी रणरागिणीने लिहिलं, 'हे पाणी आपण आपल्या लेकरांना पाजतो आहोत.'

चार दिवसांत तो लेख वीस हजार जणांनी वाचला. कुठल्या कुठल्या शहरांतून लोकांनी लिहिलं, 'शाब्बास, वाघीण!' मालन ते पुन्हा पुन्हा वाचायची. आपण वीतभर उंच झालो आहोत असं तिला वाटू लागलं.

गावचे सरपंच दौलतराव यांनीही लेख वाचला. त्यांनी टाकी धुवून घेतली नाही. त्यांनी रणरागिणीला शोधायला घेतलं. टाकीची किल्ली एकट्या काशिबाकडे, म्हणजे हे काम काशिबाचंच, असं त्यांनी ठरवलं. काशिबाचा फोन साधा बटणांचा होता, त्यात कॅमेराच नव्हता. पण ते कोणी विचारात घेतलं नाही. सरपंचांनी त्याला कामावरून काढलं आणि बजावलं, "शुक्रवारी ग्रामसभेत सगळ्यांपुढे नाक घासायचं. कबुतरं मीच टाकली, असं कबूल करायचं. नाहीतर पोलिसांत देईन."

मालनला हे कळलं. तिने लगेच दुसरा लेख लिहिला, 'निरपराध काशिबावर अन्याय.' तो पहिल्याहूनही जास्त वाचला गेला. तिने भानुदासला कमेंट वाचून दाखवल्या. 'ताई, काही झालं तरी नाव सांगू नका! रणरागिणी जगली पाहिजे!'

भानुदासने हातातला खेळ बंद केला. "काल आमच्या टोळीने एका गड्याला किल्ल्याच्या दारात सोडून दिलं. आत खजिना होता ना. तो बिचारा मेला. पाच मिनिटांत खेळातला नवा जीव मिळवून हसत परत आला."

"मग?"

"काशिबा कसा परत येणार?"

मालन भडकली. "तुम्हाला बोलायला काय जातं? माझं नाव फुटलं तर पंचायत मला गणवेशाचं काम देईल का? गावभर शिव्या खाव्या लागतील. उद्या दारात माणसं येतील."

"हो," भानुदास म्हणाला. "हे सगळं होईल."

तो गोड बोलला असता तर मालनला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काशिबाच्या घरी गेली. तो उंबऱ्यावर बसला होता. तिला पाहून तो उठला.

"या मालनताई. ती रणरागिणी कोण ते मला ठाऊक नाही. पण तिने लिहिलं ते खरं आहे. टाकी धुवा, झाकण बदला म्हणून मी तीन वर्षं पंचायतीच्या पायऱ्या झिजवतोय."

"मग शुक्रवारी काय करणार, काशिबादादा?"

"नाक घासेन. गरिबाच्या नाकाला काय होतं? पण कबुतरं मी टाकली असं म्हणणार नाही. ते खोटं आहे."

"पोलिसांत देतील."

"देऊ देत."

मालनला तिथे बसवेना. त्या माणसामागे एकही वाचक नव्हता. त्याला शाब्बास म्हणणारं कोणी नव्हतं. दुसरं नावही नव्हतं. तो नुसता काशिबा होता, आणि तेवढ्यावर तो उभा होता.

शुक्रवारी ग्रामसभेला चावडी भरली. दौलतराव खुर्चीत बसून म्हणाले, "काशिबा, पुढे ये."

"काशिबादादा, बसा," मालन उभी राहिली. तिचा आवाज चिरका आला. "रणरागिणी मी आहे."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मग मागून कोणीतरी हसलं. दौलतरावही हसले. "वहिनी, बसा खाली. मशीन चालवा तुमची. हे बायकांचं काम नाही."

"टाकीवर मी चढले. फोटो मी काढला. झाकण तुटलंय, कबुतरं त्यातूनच आत पडली. टाकायला कोणी लागत नाही."

"फोटो बनावट आहे."

"मग चला. आत्ता, माझ्याबरोबर वर चढा. पाणी स्वच्छ निघालं तर मी इथेच नाक घासते."

दौलतरावांचं हसू गेलं. "माफी मागा, नाहीतर गणवेशाचं काम विसरा."

"विसरले," मालन म्हणाली. "आता चढताय का?"

दौलतरावांनी घड्याळ पाहिलं. तालुक्याला मीटिंग आहे म्हणाले. ते उठणार, इतक्यात खालच्या आळीतली एक बाई गर्दीतून पुढे आली. तिची लेक महिनाभर काविळीने अंथरुणाला खिळली होती. तिने चावडीच्या नळाखाली तांब्या भरला आणि सरपंचांपुढे टेबलावर ठेवला.

"प्या," ती म्हणाली.

सारी चावडी तांब्याकडे पाहत होती. दौलतराव तांब्याकडे पाहत होते. त्यांनी हात पुढे केला नाही. ते पाणी प्यायले नाहीत, हे साऱ्या गावाने डोळ्यांनी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी टाकी धुतली गेली. नवं झाकण बसलं. काशिबाला कामावर परत घ्यावं लागलं. दौलतराव मात्र सरपंचच राहिले, आणि मालनचं गणवेशाचं काम गेलं ते गेलंच. ब्लॉगचे वाचकही निम्म्याने घटले. त्यांना रणरागिणी हवी होती, ब्लाउज शिवणारी बाई नको होती. मालनला आठवडाभर वाईट वाटलं. मग तिने दवाखान्याच्या बंद दाराबद्दल नवा लेख लिहिला आणि खाली लिहिलं, मालन भानुदास डुंबरे.

संध्याकाळी सरपंचांचा माणूस दारात आला. "तो लेख काढून टाका, वहिनी. तुमच्या भल्याचं सांगतोय."

मालन मशीनवरून उठली नाही. "नाव खाली लिहिलंय," ती म्हणाली. "पत्ताही हवा असेल तर तोही लिहिते."

तात्पर्य: खेळात असो वा ब्लॉगवर, घेतलेल्या नावाआडून कोणालाही शूर होता येतं, पण आपल्या धाडसाची शिक्षा दुसऱ्याच्या माथी बसू लागली, की मुखवटा काढावा आणि आपल्या नावाने उभं राहावं.