टिटवीचे पाय

त्या पाणथळ राज्यातून झोप नाहीशी झाली होती. बदके पोहता पोहता एकमेकांवर आदळत, खंड्या मासा समजून स्वतःच्याच सावलीवर सूर मारी. राजवैद्य बगळे तेवढे दिवसभर डोळे मिटून उभे असत. पण ते चिंतन, असे त्यांचे म्हणणे.

टिटवीची अंडी उघड्या खडकावर होती. ती उबवताना पेंगेच्या भरात तिचा पाय एका अंड्यावर पडता पडता राहिला. नवरा शेजारीच उताणा, पाय आभाळाकडे. आभाळ पेलणे हे बाप्याचे काम, असे टिटव्यांत मानत.

बगळ्यांनी झोपेच्या नव्या शेवाळाची चाचणी मांडली, तेव्हा टिटवीने नवऱ्याला उठवून अंड्यांवर बसवले आणि तडक तळे गाठले.

"निम्म्यांना शेवाळ, निम्म्यांना नुसता चिखल," थोरले बगळेबुवा म्हणाले. "कोणाला काय, ते आम्हालाही ठाऊक नाही."

"मग ठाऊक काय आहे?"

"नियम, टिटवीबाई."

नियमाप्रमाणे तिच्या मानेला, पंखांना गोगलगायींचे शंख बांधले. कूस बदलली की खुळखुळाट! वर एक धाकटा बगळा चोच खुपसून विचारी, "लागली का झोप?"

"लागत होती मेल्या, तू विचारेपर्यंत!"

वैतागून ती उताणी झाली, पाय वर केले. डोळे मिटू लागले, तोच बगळेबुवा ओरडले, "पाय खाली! ही अंधश्रद्धा आहे. शिवाय झोप पायांनी लागली की शेवाळाने, हे आम्ही कसं ठरवायचं?"

"तुम्ही बसा ठरवत. मला झोपू द्या!"

"नियमात बसत नाही."

टिटवीने शंख तोडून त्यांच्या पुढ्यात फेकले आणि घर गाठले. नवरा अवघडून अंड्यांवर बसला होता.

"आलीस? चल, बस. आभाळ कोण धरणार?"

"मी धरते. तू हललास तर बघ."

ती त्याच्या शेजारी उताणी झाली. पाय वर गेले आणि ती घोरू लागली.

मागोमाग बगळे आले. चोहोबाजूंनी निरखून थोरल्यांनी निकाल दिला, "ही झोप धरायची नाही."

नवऱ्याने चोच वर करून दटावले, "हळू बोला हो, झोपलीय ती."

बाकीचे परतले. बगळेबुवा लव्हाळ्यापाशी रेंगाळले. लालभडक झालेले डोळे उघडून त्यांनी इकडेतिकडे पाहिले. कोणी नव्हते. मग आपल्या लांबलचक पायांशी झटापट करत ते हळूच उताणे झाले, आणि मान उचलून, पाय आभाळाला नीट टेकलेत ना, हे त्यांनी एकदा तपासून घेतले.