महादेवाच्या माथ्यावरचा हंडा

देवघाट क्षेत्री पाऊल टाकलंत की देवळंच देवळं. नजर जाईल तिथे शिखर आणि शिखरावर झळाळता कळस. पण सगळ्यांत उंच जे महादेवाचं देऊळ, त्याच्या माथ्यावर मात्र पालथा हंडा आहे, तांब्याचा, बुडाशी काळाकुट्ट. पाहुण्यांना वाटतं, कोणीतरी थट्टा केली. थट्टा कसली, ऐका तर.

फार पूर्वी या देवळाचा कळस सटवाजी तांबटाने घडवला, असे सांगतात. कळस चढेपर्यंत अन्नाला शिवणार नाही, दूधफळांवर राहीन, असा त्याने नेम धरला होता. म्हातारा वाळून काटकुळा झाला, पण कळस काय देखणा उतरला! मुहूर्ताच्या दिवशी घाटावर पाण्यात घटिकापात्र सोडलं. बुडाला भोक असलेलं ते वाटीएवढं पात्र भरून बुडायच्या आत कळस चढला नाही, तर तसा योग पुन्हा एका तपाने. तेवढं आपण जगणार नाही, हे सटवाजीला ठाऊक होतं.

तो घाटावर ठेवलेला कळस उचलणार, तोच नदीकडून आरोळी उठली. यात्रेकरूंची नाव चढत्या पाण्यात उलटली होती. बाकीचे पोहून निघाले. बयजा नावाची बाई तेवढी लेकराला घेऊन गटांगळ्या खात होती. पोकळ कळस तरंगेल, एवढंच सटवाजीला सुचलं आणि त्याने तो पाण्यात भिरकावला. बयजाने कळसाला मिठी मारली, मायलेकरं काठाला लागली. कळस मात्र हातून निसटून धारेला गेला तो गेलाच.

सटवाजी मोकळ्या हातांनी पायरीवर बसला. पात्र भरत आलं होतं. ओलेती बयजा तशीच उठली. घाटावर आधीच्या नावेने आलेल्या तिच्या गावकऱ्यांची चूल पेटलेली होती, हंड्यात भात शिजला होता. तिने भात पत्रावळींवर उपसला आणि हंडा तांबटापुढे आणून ठेवला. उपाध्ये म्हणे आडवे आले. चुलीवरचं काळं भांडं देवाच्या डोक्यावर कसं ठेवायचं?

"ह्यातला भात देवाला चालतो न्हवं?" बयजा म्हणाली. "मग हंडा का चालंना?"

उपाध्ये बाजूला सरले. सटवाजीने तो तापलेला हंडा उराशी धरला आणि परांची चढू लागला. खाली अख्खं क्षेत्र श्वास रोखून उभं! हंडा शिखरावर पालथा बसला आणि लगेच पात्र बुडालं. काय गजर झाला असेल तेव्हा!

म्हातारा उतरला तर दोन्ही तळवे भाजलेले. पुढ्यात भाताची पत्रावळ होती आणि त्याला घास उचलता येईना. बयजाने शेजारी बसून त्याला भरवलं.

आजही त्या तिथीला तांबटांच्या घरातला वडीलधारा उपाशीपोटी या घाटावर येऊन बसतो, हात पाठीमागे धरून. पैलतीराहून नाव लागते, आणि तिच्यातून पहिली उतरलेली बाई, ओळखीची ना पाळखीची, त्याला घास भरवते.