शाळेपासून शंभर पावलं

माणसं नियम करायला प्राण्यांकडून शिकली, त्याच्याही आधीची गोष्ट. झिपरू अस्वलाला भांगेचं दुकान काढायचं होतं. रानपंचायतीचा नियम एकच: दुकान शाळेपासून शंभर पावलं लांब हवं.

मोजणीला गोमबाई आल्या. शाळेच्या उंबऱ्याशी उभं राहून त्यांनी आपले शंभर पाय एकेकदा उचलून ठेवले. "झाली शंभर. इथंच लावा पाटी."

बगळे मास्तर हादरले. "अहो बाई, हे माझ्या वर्गाचं दार आहे!"

"मोजणीत चूक दाखवा."

मास्तरांनी दोनदा मोजलं. चूक नव्हती.

आठवड्यात पोरांना न्यायला आलेले आईबाप दारातच घोरू लागले. मास्तरांनी तक्रार केली. पंचांनी डोकं खाजवून हुकूम काढला, शाळाच शंभर पावलं लांब न्या.

मास्तरांनी आनंदानं फळा काखोटीला मारला. वळून बघतात तो मोजणीला गोमबाई हजर.